झिंग्यांची टाकी आणि फिरती चाके

गोड्या पाण्यातील झिंगे पाळणारे एखादे कुटुंब आपल्या मंडळात असेल असे फारसे कुणाला वाटत नाही. आमच्या घरी मात्र २०१९ पासून काचेची एक टाकी आहे. वीस गॅलनची, म्हणजे सुमारे पंचाहत्तर लिटरची. तीत आज दीडशेच्या आसपास लाल झिंगे सुखाने राहतात. पाणी स्वच्छ राखण्यासाठी आम्ही आरंभी साधा स्पंज वापरत होतो. २०२० च्या शरदात त्याच्या जोडीला प्लॅस्टिकच्या फिरत्या चाकांची जैविक गाळणी बसवली. घरी येणारे स्नेही हमखास विचारतात, "स्पंज चांगला चालत असताना ही खटपट कशासाठी?" या प्रश्नाचे उत्तर सविस्तर द्यावे, आणि टाकी ठेवू इच्छिणाऱ्या इतर कुटुंबांना त्याचा उपयोग व्हावा, या हेतूने हे लिहीत आहोत. सार आधीच सांगतो. फिरती चाके एक काम अत्यंत उत्तम करतात, परंतु एकच काम करतात. उरलेली कामे कुणाकडे सोपवायची हे ज्याला ठरवता येते त्यानेच ती बसवावीत.

आमचे झिंगे 'निओकॅरिडिना डेव्हिडी' या जातीचे आहेत. बाजारात त्यांना चेरी श्रिंप म्हणतात. मूळ पूर्व आशियातील हा जीव जेमतेम दोन-तीन सेंटिमीटरचा असतो आणि वर्ष-दीड वर्ष जगतो. मादी एका वेळी वीस-तीस अंडी पोटाखाली बाळगते आणि साधारण महिनाभरात त्यांतून पिल्ले बाहेर पडतात. ही पिल्ले अळीच्या अवस्थेतून जात नाहीत. दोन मिलिमीटरचा पूर्ण झिंगाच जन्माला येतो आणि पहिल्या दिवसापासून शेवाळ, पाने व काचेवरचा सूक्ष्म थर खुरडत हिंडू लागतो. या एका गोष्टीवर पुढचे सगळे अवलंबून आहे.

आई भंडाऱ्याहून सहा महिन्यांसाठी आल्या, तेव्हा टाकीपुढे उभ्या राहून त्यांनी विचारले, "खायाचे नाई, त पोसता कायले?" आम्ही हसलो. पण बोडीतले झिंगे लहानपणापासून पाहिलेल्या त्या डोळ्यांना जे दिसले ते आम्हाला पुस्तकांतून शिकावे लागले होते. दोन दिवस निरखून त्या म्हणाल्या, की बोडीतही झिंगा वाहत्या पाण्यात सापडत नाही, काठाच्या गवताच्या मुळाशी सापडतो, आणि तुमचेही सगळे त्या स्पंजावरच बसलेले असतात. बोडीतले झिंगे वेगळ्या कुळातले आणि आकाराने मोठे, तरी निरीक्षण अचूक होते. लहान झिंग्याला पाणी हवे तसे चरण्याचे रानही हवे.

आता पाण्याचा विचार करू. झिंगे जे खातात त्यातील प्रथिनांपासून शेवटी अमोनिया तयार होतो. उरलेले अन्न आणि कुजणारी पाने त्यात भर घालतात. अमोनिया विषारी आहे. पाण्यातील एका प्रकारचे जीवाणू त्याचे नायट्राइट करतात. तेही विषारीच. दुसरे जीवाणू त्याचे नायट्रेट करतात आणि ते पुष्कळच सौम्य असते. रशियन शास्त्रज्ञ सर्गेई विनोग्राडस्की यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हे जीवाणू वेगळे करून दाखवले. ही दोन्ही कामे एकटाच करणारा जीवाणूही असतो, हे २०१५ मध्ये सिद्ध झाले. हे जीवाणू पाण्यात मोकळे फार थोडे असतात, पृष्ठभागाला चिकटून राहतात. म्हणून जैविक गाळणी म्हणजे दुसरेतिसरे काही नसून या जीवाणूंना राहायला दिलेली जागा आणि त्यांना पुरवलेला प्राणवायू.

किती अमोनिया होतो याचा हिशेब आम्ही मुलीकडून वहीत करून घेतला. दिवसाला ०.२ ग्रॅम खाद्य घातले आणि त्यात ३५ टक्के प्रथिने असली, तर प्रथिने ७० मिलिग्रॅम होतात. प्रथिनांत सुमारे १६ टक्के नायट्रोजन असतो, म्हणजे ११ मिलिग्रॅम. तो सगळाच्या सगळा अमोनिया झाला असे धरले तरी पंचाहत्तर लिटरमध्ये दिवसाला लिटरमागे ०.१५ मिलिग्रॅम. दीडशे जिवांचा हा भार माशांच्या टाकीच्या मानाने अगदी किरकोळ आहे. नेहमीच्या दिवसांत तेवढ्यासाठी स्पंज पुरतो, हे स्नेह्यांचे म्हणणे या हिशेबावरून खरेच ठरते.

अडचण नेहमीच्या दिवसांची नसते. आम्ही प्लेनो येथे राहतो. येथील पाणी नॉर्थ टेक्सास म्युनिसिपल वॉटर डिस्ट्रिक्टकडून येते. निर्जंतुकीकरणासाठी त्यात क्लोरामाइन, म्हणजे क्लोरीन आणि अमोनिया यांचे संयुग, वापरतात. दर वर्षी वसंताच्या सुमारास साधारण चार आठवडे अमोनिया घालणे थांबवून केवळ क्लोरीन ठेवतात आणि नळ्या स्वच्छ करतात. त्या दिवसांत पाण्याला उग्र वास येतो, तो आपल्यापैकी अनेकांना परिचयाचा असेल. क्लोरीन झिंग्यांना घातकच, म्हणून पाण्यात सोडियम थायोसल्फेटसारखे औषध बारा महिने घालावेच लागते. परंतु क्लोरामाइनमधील क्लोरीन नष्ट झाले की अमोनिया मोकळा होऊन मागे राहतो. देशाच्या नियमाप्रमाणे क्लोरामाइनची मर्यादा लिटरमागे चार मिलिग्रॅम आहे आणि त्यात क्लोरीन व नायट्रोजन यांचे वजनी प्रमाण साधारण पाचास एक असते. म्हणजे त्या मर्यादेइतके क्लोरामाइन असलेल्या प्रत्येक लिटर पाण्याबरोबर सुमारे ०.८ मिलिग्रॅम अमोनिया-नायट्रोजन आपण स्वतःच्या हाताने टाकीत ओततो.

टाकीतले दहा टक्के पाणी बदलले तर हे प्रमाण सहा मिलिग्रॅम, म्हणजे अर्ध्या दिवसाचा भार. निम्मे पाणी बदलले तर तीस मिलिग्रॅम, म्हणजे जवळजवळ तीन दिवसांचा भार एका तासात. शिवाय पाणी जितके अल्कधर्मी तितका अमोनियाचा विषारी अंश अधिक. २५ अंश सेल्सियस तापमानाला सामू ७ असेल तर हा अंश अर्ध्या टक्क्याच्या थोडा वर असतो. सामू ८ असेल तर तो पाच टक्क्यांहून अधिक होतो. आमच्या नळाचे पाणी या दुसऱ्या टोकाकडचे. म्हणून पाणी थोडे आणि वारंवार बदलावे हा पहिला नियम, आणि अचानक आलेला भार पेलण्याची क्षमता गाळणीत असावी हा दुसरा.

स्पंजाचा गुण सांगायलाच हवा. हवेच्या पंपावर चालणाऱ्या स्पंजात ओढ मंद असते, पिल्ले आत जात नाहीत, आणि त्याच्या पृष्ठभागावर साचणारा थर हाच त्यांचा चारा होतो. परंतु तोच स्पंज जीवाणूंचे घर, कचऱ्याची चाळणी आणि पिल्लांचे कुरण अशी तीन कामे एकट्याने करतो. कचरा साचला की छिद्रे बुजतात, आतील जीवाणूंना प्राणवायू कमी पडतो. मग स्पंज पिळावा लागतो, आणि पिळला की काही जीवाणू जातात, चाराही जातो. झिंगे वाढत गेले तसा आमचा स्पंज महिन्याऐवजी पंधरवड्याला पिळावा लागू लागला. एका कामासाठी दुसरे काम दर पंधरा दिवसांनी मोडत होते. ही कामे वेगळी करावीत, म्हणून आम्ही फिरत्या चाकांकडे वळलो.

ही चाके मूळची टाकीसाठी नव्हेत, सांडपाण्यासाठी. १९८७ मध्ये उत्तर समुद्राभोवतीच्या देशांनी समुद्रात जाणारी पोषकद्रव्ये निम्म्यावर आणण्याचे ठरवले. त्याच दशकाच्या अखेरीस नॉर्वेतील ट्रॉन्डहाइम येथील प्राध्यापक हालवार ओडेगार्ड यांनी कॅल्डनेस या कंपनीच्या साथीने ही पद्धत विकसित केली. पॉलिइथिलीनची सुमारे नऊ मिलिमीटर व्यासाची, सात मिलिमीटर लांबीची नळीसारखी चाके, आत फुलीच्या आडव्या-उभ्या भिंती, बाहेरून बारीक पंख. वजनाने पाण्याहून किंचित हलकी. खालून हवा सोडली की ती उकळत्या भातासारखी वरखाली फिरत राहतात. फिरताना एकमेकांवर आदळतात, त्यामुळे बाहेरचा थर घासला जातो. आतील भिंती मात्र सुरक्षित राहतात आणि जीवाणूंचा पातळ, ताजा थर तेथेच टिकतो. के-वन नावाच्या चाकांचे हे सुरक्षित क्षेत्रफळ घनमीटरला ५०० चौरस मीटर असते. म्हणजे एक लिटर चाकांत अर्धा चौरस मीटर. आणि हे माध्यम बुजत नाही, म्हणून पिळावे लागत नाही.

आम्ही टाकीच्या कोपऱ्यात काचेची एक उभी खोली करून घेतली. तीत एक लिटर चाके घातली. खोलीचा साठ टक्क्यांहून अधिक भाग भरू नये, नाहीतर चाकांना फिरायला जागा राहत नाही. सर्वांत महत्त्वाची काळजी पिल्लांची. आदळणाऱ्या चाकांत दोन मिलिमीटरचा जीव तग धरू शकत नाही. म्हणून पाणी आत येण्याच्या वाटेवर बारीक छिद्रांचा स्पंज आणि बाहेर जाण्याच्या वाटेवर स्टेनलेस स्टीलची बारीक जाळी बसवली. जाळी तांब्याची किंवा पितळेची असू नये. तांबे झिंग्यांना अत्यल्प प्रमाणातही मारक ठरते.

नवी चाके पहिले काही दिवस पृष्ठभागावर नुसती तरंगतात. सुरुवातीला हे काम चुकले असे वाटू शकते, परंतु त्यांच्यावर थर धरला की ती जड होऊन खाली-वर फिरू लागतात. आमच्याकडे याला सहा आठवडे लागले. त्या काळात जुना स्पंज आम्ही जागचा हलवला नाही. दर दोन दिवसांनी मुलीने अमोनिया व नायट्राइट तपासून वहीत नोंदवले. पाणी डोळ्यांना स्वच्छ दिसते म्हणून ते स्वच्छ आहे असे मानायचे नाही, मोजायचे आणि मग मानायचे, हा त्या वहीचा एकमेव नियम होता. त्यानंतर नळाचे पाणी घातल्यावर अमोनियाची नोंद काही तासांतच शून्यावर येऊ लागली.

चाके काय करत नाहीत हेही तितक्याच स्पष्टपणे सांगितले पाहिजे. ती कचरा अडवत नाहीत. उलट घासून निघालेला थर बारीक गाळ होऊन पाण्यात येतो, तो धरायला स्पंज लागतोच. ती नायट्रेट काढत नाहीत. त्यासाठी पाणी बदलणे आणि वनस्पती हेच उपाय. ती पिल्लांना चारा देत नाहीत, कारण त्यांचा थर झिंग्यांच्या वाटेला येतच नाही. म्हणून जुना स्पंज, जावा मॉस आणि बदामाची वाळलेली पाने आम्ही टाकीत ठेवली आहेत. आता तो स्पंज दोन-अडीच महिन्यांतून एकदाच, तोही टाकीच्याच पाण्यात हलका पिळतो. पिल्ले त्यावर निवांत चरतात.

मृदू पाण्यातील क्रिस्टल रेड जातीचे झिंगे पाळणाऱ्यांनी मात्र सावध असावे. एक मिलिग्रॅम अमोनिया-नायट्रोजनचे नायट्रेट होताना साडेचार मिलिग्रॅमहून अधिक प्राणवायू आणि सुमारे सात मिलिग्रॅम क्षारता खर्च होते. आमच्या हिशेबाने दिवसाला लिटरमागे एक मिलिग्रॅम क्षारता. येथील कठीण पाण्यात ती जाणवत नाही. मृदू पाण्यात महिन्याला तीस मिलिग्रॅम म्हणजे होती-नव्हती तेवढी शिल्लक संपणे. शिवाय सामू सहाच्या जवळ आला की हे जीवाणूही मंदावतात. तेथे चाकांचा लाभ थोडाच.

फेब्रुवारी २०२१ मधील थंडीच्या लाटेत या सगळ्याची परीक्षा झाली. त्या आठवड्यात टेक्सासमधील चाळीस लाखांहून अधिक घरांची वीज गेली. १६ तारखेला डॅलस-फोर्ट वर्थ विमानतळावर उणे १९ अंश सेल्सियसची नोंद झाली. घरात आम्ही रजया पांघरून एका खोलीत बसलो होतो आणि मुलीचे लक्ष टाकीकडे होते. फिरत्या चाकांचा खरा दुबळेपणा येथे आहे. हवा थांबली की चाके एका जागी गोळा होतात, आणि जे जीवाणू पाणी शुद्ध करत होते तेच उरलेला प्राणवायू संपवू लागतात. मासेमारीचे आमिष जिवंत ठेवण्यासाठी दोन जाड सेलांवर चालणारा जो छोटा हवेचा पंप मिळतो, तो आम्ही आधीपासून आणून ठेवला होता. त्यावर चाके फिरती राहिली. खाद्य पूर्ण बंद केले, टाकीभोवती ब्लँकेट गुंडाळले. पाणी अकरा अंशांपर्यंत उतरले. झिंगे हालचाल थांबवून मॉसमध्ये बसून राहिले. वीज नियमित झाली तेव्हा चार झिंगे मेलेले आढळले. अमोनिया शून्य होता. या जातीचे झिंगे मुळात थंडी सोसणारे आहेत, तेव्हा सारे श्रेय चाकांना देणे योग्य नाही. पण ज्या घरी ही चाके आहेत त्या घरी सेलवरचा पंप असलाच पाहिजे, हे आम्ही आग्रहाने सांगू.

त्या थंडीत मेणबत्तीच्या उजेडात मुलीने विचारले, "ही चाके सांडपाण्यासाठी बनवली, तर ती खरी कुठे आहेत?" आम्ही तिला ऱ्होड आयलंडची हकीकत सांगितली. ऑगस्ट २००३ मध्ये तेथील ग्रीनिच बेमध्ये पाण्यातला प्राणवायू संपून दहा लाखांहून अधिक मासे मेले. त्यानंतर सांडपाण्यातील नायट्रोजन कमी करण्याचे प्रयत्न वेगाने सुरू झाले आणि प्रॉव्हिडन्सच्या फील्ड्स पॉइंट केंद्रात अशाच प्लॅस्टिकच्या माध्यमाचा अवलंब झाला. आपल्याकडे पुण्यासारख्या शहरांतील अनेक गृहसंकुलांच्या तळघरांतही ही चाके फिरत असतात. तिचा पुढचा प्रश्न होता, "मग तिथला गाळ कोण काढतो?"

या प्रश्नाला आमच्या घरात बगल देता येत नाही. हाताने मैला साफ करायला लावण्यास २०१३ च्या कायद्याने भारतात बंदी आहे. तरीही गटारांत आणि सांडपाण्याच्या टाक्यांत उतरून माणसे गुदमरून मरतात, आणि ती कोणत्या वस्त्यांतली असतात हे या मासिकाच्या वाचकांना सांगावे लागत नाही. न बुजणारे माध्यम माणसाला आत उतरवण्याची गरज कमी करू शकते. पण गाळ तरीही तयार होतो, पंप तरीही बिघडतो. यंत्र असलेल्या ठिकाणीही माणूसच उतरवायचा असे कुणी ठरवले असेल तर चाके त्याला अडवू शकत नाहीत. यंत्र श्रम कमी करते. उरलेले श्रम कुणी करायचे हे समाज ठरवतो. आम्ही मुलीला हेच सांगितले, आणि घरापुरते जे ठरवता येते ते ठरवले. स्पंज पिळणे, गाळ उपसणे, जाळी घासणे यांची पाळी फ्रिजवर लिहिलेली असते. तीत सर्वांची नावे आहेत. आई येथे असतात तेव्हा त्यांचेही नाव असते, आणि ते त्यांनी स्वतःच लिहायला लावले.

आता ज्या कुटुंबांना टाकी सुरू करायची आहे त्यांच्यासाठी. दहा गॅलनची टाकी आणि तीस-चाळीस झिंगे असतील तर स्पंज पुरेसा आहे, चाकांवर खर्च करू नका. टाकी मोठी असेल, झिंग्यांबरोबर छोटे मासे असतील, नळाला क्लोरामाइन असेल आणि सेलवरचा पंप ठेवण्याची तयारी असेल, तर चाके जरूर लावा. वाढलेले झिंगे ओढ्यात किंवा तळ्यात कधीही सोडू नका. याच कुळातला कॅलिफोर्नियाचा मूळचा झिंगा १९८८ पासून संकटग्रस्त म्हणून संरक्षित आहे, आणि त्याचा पासाडिना परिसरातील भाऊबंद तर कायमचा नष्ट झाला. येथील पाण्यावर येथल्या जिवांचा हक्क पहिला.

रुजलेल्या चाकांचा आणखी एक गुण आहे. ती वाटता येतात. आमच्या खोलीतून दोन मुठी चाके काढून तेथे नवी घातली तर आमच्या टाकीला फरक पडत नाही, कारण जीवाणू नव्या चाकांवर पसरतात. काढलेली चाके दुसऱ्या टाकीत घातली तर त्या कुटुंबाची पाच-सहा आठवड्यांची वाट पाहणे पुष्कळ कमी होते. गेल्या दोन वर्षांत आपल्या मंडळातील तीन घरी अशी चाके गेली आहेत. ती नेताना टाकीच्याच पाण्यात बुडालेली असावीत, डबा काठोकाठ भरलेला नसावा, वर हवेला जागा असावी, आणि तास-दोन तासांत ती नव्या पाण्यात पडावीत. नळाखाली धुऊ नयेत. ज्यांना हवी असतील त्यांनी पुढच्या रविवारी मुलांच्या वर्गाला येताना झाकणाचा डबा आणावा. पाणी आणि चाके आम्ही देऊ.